कोकुसाई रस्त्यावरची सवाष्ण

१

साडेसहा वाजले की आमच्याकडे पानं घेतली जायची आणि टीव्हीवर ओकिनावा लागायचं. वर्षभर हेच चाललं होतं. त्यात काही वेगळं आहे असं आम्हाला वाटेनासंसुद्धा झालं होतं.

ओकिनावा हे जपानच्या दक्षिणेचं एक बेट. २०२०च्या मे महिन्यातल्या सुट्टीत मी, माझा नवरा शिरीष आणि आमची सानिका असे तिघं तिथे जाणार होतो. तिकिटं काढून झाली होती. मग लॉकडाउन आलं आणि सगळं जग नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावातल्या आमच्या चिंचोळ्या घरात येऊन बसलं. सानिका ऐकेना, तेव्हा शिरीषने तिची समजूत काढायला एक व्हिडिओ शोधून काढला. कुणीतरी हातात कॅमेरा धरून तिथल्या कोकुसाई रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलंय, एवढंच. बोलणं नाही, संगीत नाही. नुसती संध्याकाळची गर्दी, दुकानांचे दिवे आणि साथ यायच्या आधीचे लोकांचे उघडे चेहरे.

आणि खाणं! वळणावरच कारल्यांचा ढीग लागायचा. शेजारच्या तव्यावर तीच कारली अंडं घालून परतली जात असायची. पुढे जांभळ्या रताळ्याच्या वड्या, समुद्रात उगवणारी हिरव्या मण्यांची द्राक्षं, वाफाळते नूडल्स, आणि सगळ्यात शेवटी, छप्पर घातलेल्या गल्लीच्या तोंडाशी, एक माणूस मोठ्या कढईत पिठाचे गोळे तळत उभा.

"अगं, हे तर आपले गुलगुले!" आई पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा मी आणि शिरीषने एकमेकांकडे बघितलं, कारण त्या दिवशी दुपारपासून त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, वासंती. सासरे गेले आणि त्यानंतर दोनेक महिन्यांनी आम्ही त्यांना पुण्याहून हवापालटाला म्हणून इथे आणलं. तीन महिन्यांसाठी आल्या त्या अडकल्याच. विमानं बंद, व्हिसाला मुदतवाढ, त्यावर पुन्हा मुदतवाढ. आणि जेवण तुटलेलं. पोळीचा एक तुकडा मोडायचा, तो ताटात इकडून तिकडे फिरवायचा आणि "झालं माझं" म्हणून उठायचं. त्या वर्षी आमच्या घरात बाकी सगळे प्रश्न बाजूला होते. आई आज जेवल्या का, हा एकच खरा प्रश्न होता.

ओकिनावा लागलं की त्या जेवायच्या. कारल्यात अंडं घालणाऱ्यांना नावं ठेवता ठेवता भाजी संपायची. "गूळ घातला असता तर यांचं काय बिघडलं असतं?" असं म्हणत त्या आमटीभात कालवायच्या. म्हणून मी तो व्हिडिओ कधी बदलू दिला नाही.

त्या गुलगुल्यांच्या कढईपाशी एक बाई उभी असायची. करडा ब्लाउज, कोपरावर कापडी पिशवी, वय माझ्याहून थोडं जास्त. दुकानदार तिला कागदी पुडा द्यायचा, ती तो घ्यायची आणि वळताना सरळ कॅमेऱ्यात बघायची. म्हणजे आमच्या ताटांकडेच. आणि आई दर वेळी हातातला घास थांबवून म्हणायच्या, "या जेवायला."

आपल्याकडे हे तोंडातून निघतंच. जेवताना कुणाची नजर पडली की म्हणायचं, आणि समोरच्याने "चालू द्या" म्हणून निघून जायचं. येणार कुणीच नाही हे दोघांनाही ठाऊक असतं. इथल्या लोकांना ते ठाऊक नसतं. आमच्या समोर राहणारी विलमा एकदा ऐन जेवणाच्या वेळी आमचं चुकून तिच्याकडे गेलेलं पार्सल द्यायला आली. आईंनी हाताने खूण करून तिला बोलावलं, तर तिने खिशातून डायरी काढून गंभीरपणे विचारलं, "कुठल्या दिवशी?" आम्ही आठवडाभर हसत होतो.

२

आमच्या सासरी एक रीत आहे. संक्रांत आणि रथसप्तमी यांच्यामधल्या एका शुक्रवारी सवाष्ण जेवू घालायची. पुरणपोळी करायची, तिला पोटभर वाढायचं आणि निघताना हळदकुंकू लावून ओटी भरायची. मी असलं काही मानत नाही. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांनी सांगितलेलं खरं धरायचं नाही, यासाठीच मला पगार मिळतो. पण आईंनी सकाळी उठून पुरण शिजवायला घेतलेलं बघितलं आणि मला बरं वाटलं. फार दिवसांनी त्यांच्या हाताला कामाची घाई होती.

घरात दिवसाला एकच पाहुणा, असा नियम तेव्हा इथे नुकताच लागू झाला होता. "आपल्याला एकच हवीय," आई म्हणाल्या. आइंडहोवनची माझी मैत्रीण प्रांजली यायची होती. दुपारी तिचा फोन आला, तिची टेस्ट पॉझिटिव्ह आली होती.

आईंनी तरीही पोळ्या लाटल्या. खिडकीकडच्या खुर्चीपुढे पान मांडलं, रांगोळीची एक रेघ ओढली, पोळीवर तूप घातलं. संध्याकाळी आम्ही चौघं बसलो आणि पाचवं भरलेलं ताट समोर तसंच होतं. सानिकाने ओकिनावा लावलं. कारली गेली, रताळी गेली, कढई आली. ती बाई वळली.

"रोज नुसतं म्हणते मी," आई म्हणाल्या. आवाज अगदी साधा, शेजारणीशी बोलावं तसा. "आज खरंच या हं. पान वाढलंय."

हसण्यासारखं होतं, पण कुणी हसलं नाही. कॅमेरा गल्लीत वळला. शिरीषने उगाचच वरण मागितलं.

सकाळी ते ताट घासून पालथं घातलेलं होतं. रात्री उठून पोळ्या संपवायची शिरीषला सवय आहे, त्यामुळे मी विचारलंसुद्धा नाही.

३

दुसऱ्या दिवशी कढईपाशी ती बाई नव्हती.

मला वाटलं, दुसरा व्हिडिओ लागला. पण सगळं तेच होतं. पिवळ्या टोपीचा मुलगा तसाच अडखळला, सायकलवाल्याने तशीच घंटी वाजवली. दुकानदाराने कागदी पुडा पुढे केला, मान लववली, हसला. पुडा त्याच्याच हातात राहिला. त्याच्यापुढे माणूसभर जागा मोकळी होती आणि मागून येणारी गर्दी त्या जागेला वळसा घालून जात होती.

"कुठे गेली ती?" मी विचारलं.

"तिने तक्रार केली असेल," शिरीष म्हणाला. "माझा चेहरा काढा म्हणून. हल्ली पुसून टाकतात अगदी सफाईने. तुझीच तर लाइन आहे ना ही."

माझीच लाइन होती, म्हणून पटायला जड गेलं. चेहरा काढायचा असेल तर धूसर करतात. एक अख्खं माणूस काढून मागची भिंत, मागची गर्दी, सगळं नव्याने कोण भरत बसेल? तरी मी स्वतःला समजावलं की करत असतील. दुसरं काय समजावणार?

आई टीव्हीकडे बघतच नव्हत्या. खिडकीकडच्या खुर्चीपुढे त्यांनी पुन्हा ताट मांडलं होतं आणि त्यात भात वाढत होत्या.

"आई, हे कुणाला?"

"असू दे गं," त्या म्हणाल्या.

४

आमचं घर इथल्या सगळ्या घरांसारखंच आहे. खाली जेवणाची खोली आणि स्वयंपाकघर एकत्र, रस्त्याकडे भिंतभर काच, वर जायला शिडीसारखा उभा जिना. मी सगळ्यात वर, माळ्यावरच्या खोलीत बसून काम करते. मधल्या मजल्यावर शिरीषच्या मीटिंगा आणि सानिकाची ऑनलाइन शाळा. दिवसभर खाली आई एकट्याच.

पहिले काही दिवस मी कान दिला नाही. मग लक्षात आलं की त्या खाली बोलतायत. शिरीषच्या आत्याशी फोनवर बोलत असतील असं वाटलं. पण फोनवर माणूस "अजून थोडं घ्या" म्हणत नाही. "संकोच नका करू, घरचंच आहे," असं म्हणत नाही. त्यांच्या बोलण्यात मधे थांबे होते, समोरच्याच्या उत्तराइतके लांब. त्या थांब्यांमध्ये मला कागदाची चुरचुर ऐकू यायची, तळणाचा पुडा हाताळावा तशी.

मी जिन्याने खाली यायचे. चौथ्या पायरीवरचं लाकूड करकरतं, तिथे पाय पडला की खालचं सगळं शांत व्हायचं. खोलीत आई आणि खिडकीकडची खुर्ची. खुर्ची टेबलापासून मागे ओढलेली, पुढचं ताट रिकामं, आणि आईंचं ताट भरलेलं.

"तुम्ही जेवला नाहीत?"

"जेवते ना. त्यांचं झाल्यावर."

घरात भात पुरेना. मी नेहमीइतकाच लावत होते आणि संध्याकाळी कुकर खरवडायची वेळ येत होती. आईंचं मनगटी घड्याळ कोपरापर्यंत वर सरकायला लागलं. मी हाउसआर्ट्सला फोन केला. हाउसआर्ट्स म्हणजे इथला वस्तीतला डॉक्टर. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. एकटेपण, दुःख, वय, शिवाय हा काळ, असं तो म्हणाला, आणि त्याचं काहीही चूक नव्हतं. मलाही तेच वाटत होतं. गेलेल्या नवऱ्याची जागा त्यांनी एका खुर्चीने भरून काढलीय, असा छान निष्कर्ष मी काढला होता.

फक्त त्यात एक गोष्ट बसत नव्हती. संध्याकाळी आम्ही जेवताना सानिका खिडकीकडे पाठ करून बसायची, तिची ती नेहमीची जागा. हल्ली ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जायला लागली होती. मी कारण विचारलं तर खांदे उडवून म्हणाली, "इट्स टू क्राउडेड देअर, आई."

५

फेब्रुवारीत बर्फ पडला. असा बर्फ इथे वर्षानुवर्षं पडत नाही, म्हणून सगळं गाव बाहेर आलं. मी दारापुढचा फरसबंद भाग मोकळा करत होते, तेव्हा विलमा कुत्र्याला घेऊन समोरून आली आणि नियमाप्रमाणे दीड मीटर लांब थांबली. तिच्याशी मी मोडकंतोडकं डच बोलते, ती मला सांभाळून घेते.

"तुमच्याकडे पाहुणी आलीय ना?" ती म्हणाली. "छान झालं. तुझ्या सासूबाईंना सोबत हवीच होती."

मी फावडं थांबवलं. "कुठली पाहुणी?"

"खिडकीतली. रोज दिसते. जेवायला बसलेली असते." मग तिला वाटलं असावं की मी घाबरले, कारण ती हसली आणि बोट वर केलं. "एकच आहे. मी मोजलंय. एक चालते."

इथल्या खिडक्यांना पडदे नसतात. लपवण्यासारखं काही नाही हे जगाला दिसावं म्हणून म्हणे. मी मागे वळून आमच्या काचेतून आत बघितलं. आई बसल्या होत्या, समोरच्या खुर्चीकडे बघून मान हलवत होत्या. खुर्ची रिकामी होती.

"कशी दिसते ती?" मी विचारलं.

विलमाने जरा विचार केला. "पाठच दिसते गं. करडे कपडे. भूक चांगली आहे तिला."

६

त्या रविवारी दुपारी मी शिरीषला आणि सानिकाला बर्फाचा माणूस करायला बाहेर पाठवलं आणि आईंच्या समोर जाऊन बसले. टेबलावर तीन ताटं होती. आईंचं ताट नेहमीसारखं भरलेलं. त्यांच्या गळ्याशी हाडं दिसत होती.

"आई, हे थांबवा," मी म्हणाले. "तिला जायला सांगा."

कोण, असं त्यांनी विचारलं नाही. "असं कसं सांगू? मी बोलावलंय."

"बोलावलंत, जेवली, झालं. आता तुमचं अन्न जातंय तिच्या पोटात. तुम्हाला कळतंय का, तुम्ही मराल अशाने!"

मी हे ओरडूनच म्हणाले. त्या आपल्या बोटांकडे बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तिला तरी कुठे बसून राहायचंय? पण सवाष्ण म्हणून बोलावलेली बाई. मोकळ्या कपाळाने कशी उठेल ती? बसलीय बिचारी वाट बघत. आणि पाहुणी पानावर असताना माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

"मग लावा कुंकू!"

"मी?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मी कशी लावू, मृदुला?"

मला संताप आला. त्यांचा नाही, त्या रीतीचा. सव्वा वर्षापूर्वी नवरा गेला म्हणून ज्या बाईने स्वतःच्या घरात कुंकवाच्या करंड्याला हात लावला नाही, तीच बाई त्यापायी उपाशी मरायला बसली होती. मी त्यांना म्हटलं, तुम्ही लावा, कोण अडवतंय ते बघते. त्यांनी नुसती मान हलवली. त्या हलवण्यात हट्ट नव्हता, त्यामुळे मला आणखीच रडू आलं.

ठीक आहे, मी मनात म्हटलं. खेळच खेळायचा ना? रिकाम्या खुर्चीला हळदकुंकू लावायचं, ओटी भरायची, दार उघडायचं, दार लावायचं. आईंच्या मनातली पाहुणी आईंच्या मनातून जाईल. मानसोपचारवाले याहून वेगळं काय करतात?

करंडा देवघराच्या कप्प्यात मागे पडला होता. नारळ नव्हता, सफरचंद घेतलं. थोडे तांदूळ, एक सुपारी. मी खिडकीकडच्या खुर्चीपुढे उभी राहिले. बाहेर बर्फावरचं ऊन इतकं लख्ख होतं की खोलीत कुठे सावली म्हणून नव्हती. मला सगळं स्पष्ट दिसत होतं आणि खुर्चीत काही नव्हतं. मी हळदीचं बोट अंदाजाने पुढे नेलं.

बोट टेकलं.

गार कपाळ होतं. किंचित तेलकट, आत हाड असलेलं कपाळ. माझा हात आपसूक मागे आला, आणि हवेत, बसलेल्या माणसाच्या उंचीवर, पिवळा ठिपका राहिला. मी ओरडले नाही. का नाही, ते मला आजही सांगता येत नाही. हात सवयीने कुंकवात गेला आणि पिवळ्याखाली लाल टेकवून आला. हातांना ते येत होतं. लहानपणापासून किती घरांत, किती कपाळांना लावलं असेल.

ते दोन्ही ठिपके थोडे खाली झुकले, नमस्कार केल्यासारखे. मग खुर्ची मागे सरकली आणि ठिपके वर आले, माझ्या हनुवटीपर्यंत. मी ओंजळ पुढे केली. सफरचंदाचं वजन माझ्या हातातून कुणीतरी उचललं. त्यानंतर ते दिसलं नाही. कागद चुरचुरला.

"आई," मी म्हणाले, पण त्या डोळे मिटून, हात जोडून बसल्या होत्या.

ठिपके बाहेरच्या दाराकडे निघाले आणि मी त्यांच्यामागे. दार मीच उघडलं. थंडी आत आली. शिरीष पायरीवर फावडं घेऊन उभा होता. तो जरा बाजूला झाला, वाट करून दिल्यासारखा. आणि मी, उंबऱ्यात उभी राहून, माझ्या आईने शिकवलं तसं, काकूंना म्हणताना ऐकलं तसं, क्षणभरही विचार न करता म्हणाले:

"या हं परत. आणि पुढच्या वेळी अशा एकट्या नका येऊ, सगळ्या मंडळींना घेऊन या."

"कोणाला म्हणतेयस?" शिरीषने विचारलं.

"तू बाजूला का झालास?"

त्याने पायांकडे बघितलं. पायरीवरच्या बर्फात त्याच्या बुटांचे ठसे एका कडेला सरकलेले होते. "काय माहीत," तो म्हणाला. "आत चल, गारठशील."

७

त्या रात्री आई जेवल्या. दोन पोळ्या, भात, वर ताक मागून घेतलं. मी ओट्याशी पाठ करून भांडी लावत होते आणि माझे डोळे वाहत होते. जे झालं ते मला नको होतं, पण त्याच्या बदल्यात हे मिळत असेल तर मी ते विसरायला तयार होते. मी काय म्हणून बसले होते ते मला तेव्हा आठवलंही नाही. असलं बोलणं कुणाच्या लक्षात राहतं?

दुसऱ्या दिवशी दुपारीही त्या जेवल्या. खालून बोलण्याचा आवाज नाही, कागद नाही. संध्याकाळी मी त्यांच्यासाठी मुद्दाम कारल्याची भाजी केली, गूळ घालून. चार ताटं घेतली. सानिका आपल्या नेहमीच्या जागेवर, खिडकीकडे पाठ करून बसली.

"लाव गं तुझा रस्ता," आईच म्हणाल्या. "बघू आपली पाहुणी घरी पोचली का."

मलाही तेवढंच बघायचं होतं. ती कढईपाशी उभी असेल, पुडा घेईल, वळेल, आणि तिच्या कपाळाकडे मी बघणार नाही. असं मी ठरवलं होतं.

रस्ता लागला. दिवे लागलेले होते. कारल्यांचा ढीग होता, तव्यावर अंडं चरचरत होतं. कालथा तव्यातच पडलेला होता आणि तो हलवणारं कुणी नव्हतं.

"वेगळाच लागला वाटतं," शिरीष म्हणाला. "लॉकडाउनमधला असेल."

लॉकडाउनमध्ये दुकानं बंद असतात. इथे सगळी दुकानं उघडी होती. नूडल्सच्या वाडग्यांतून वाफ येत होती, वाडग्यांवर काड्या आडव्या ठेवलेल्या होत्या. सायकल रस्त्यात पडली होती आणि तिचं चाक अजून फिरत होतं. माणूस एकही नाही. कॅमेरा त्या रिकाम्या रस्त्याने त्याच नेहमीच्या चालीने पुढे जात होता. कढई आली. पिठाचे गोळे तेलात काळे पडत होते, काढायला कुणी नव्हतं. त्यातून निघालेला धूर छपराला लागत होता.

"बंद कर," मी म्हणाले. रिमोट कुठे होता तेच मला दिसेना.

कॅमेरा तिथे थांबला. मग चित्र खाली खाली आलं आणि आडवं झालं. ज्याने तो वर्षभर आमच्यासाठी हातात धरला होता, त्याने तो रस्त्यावर ठेवला होता. आडव्या चित्रात फरशा दिसत होत्या. पावलांचा आवाज आला. आधी टीव्हीतून आला, एवढं मला नक्की सांगता येतं.

मग तो दारामागून आला. बाहेरच्या दाराआतल्या बोळात, जिथे आम्ही बूट काढून ठेवतो, तिथे चपला काढल्याचे आवाज होऊ लागले. एक जोड. दुसरा. घाई नव्हती, ढकलाढकली नव्हती. लग्नघरी पंगतीला येणाऱ्या लोकांसारखी, एकामागून एक माणसं पायातलं काढून ठेवत होती, आणि ते संपतच नव्हतं.

सानिका उठली आणि खिडकीकडची जागा सोडून भिंतीशी गेली. तिथून तिने कपाटाचं दार उघडलं. ती रडत नव्हती. इथे वाढलेलं पोर. कुणाला बोलावलं म्हणजे ते येणारच, असं तिला वाटतं.

"आई, हाऊ मेनी प्लेट्स?"

मी काचेतून बाहेर बघत होते. विलमा कुत्र्याला घेऊन समोरच्या फरसबंदीवर थांबली होती आणि आमच्या घरात बघत होती. आधी ती हसत होती. मग तिने बोट वर केलं आणि ओठ हलवत मोजायला लागली. बोट खिडकीच्या एका टोकापासून निघालं, हळूहळू दुसऱ्या टोकापर्यंत गेलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, मागच्या रांगेसाठी. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. ती मोजायची थांबत नव्हती.

माझ्या शेजारची खुर्ची मागे सरकली.

आईंनी कारल्याचा घास उचलला होता, ओठांपर्यंत नेला होता. मी त्यांचा हात धरला. "खा," मी म्हणाले, "आई, तेवढा घास खा, माझ्यासाठी खा." त्यांनी माझा हात हळूच सोडवला, घास ताटात परत ठेवला आणि पदर खांद्यावर सारखा केला.

"थांब गं," त्या म्हणाल्या. "आधी त्यांचं होऊ दे."